पोर्तुगालमधील १९१०ची राज्यक्रांती: राजेशाही कशी कोसळली आणि गोव्याच्या पदरात काय पडले?

नाणेवाला (प्रश्न)

आमच्या डिचोलीच्या घरी पणजोबांच्या पेटीत चांदीचे दोन रुपये आहेत. १९०४च्या रुपयावर राजा दों कार्लुश याची छबी आहे. १९१२च्या रुपयावर राजा नाही, तेथे एका स्त्रीचे मस्तक आणि ‘रेपुब्लिका पोर्तुगेझा’ अशी अक्षरे आहेत. घरातील वडीलधारी मंडळी एवढेच सांगत, की ‘रिपब्लिक आली आणि आपल्याला माणसांत धरू लागले’. शालेय पुस्तकांत आम्ही फ्रान्स आणि रशिया येथील क्रांत्या पाठ केल्या. ५ ऑक्टोबर १९१० या तारखेविषयी मात्र एक ओळही वाचल्याचे आठवत नाही. ब्रागांझा घराणे १६४० पासून गादीवर होते. इतकी जुनी गादी दोन दिवसांत कशी गेली? आणि वडीलधाऱ्यांच्या त्या वाक्यात कितपत तथ्य आहे?

दप्तरी

राजेशाहीची पत १८९० पासूनच उतरू लागली होती. अंगोला आणि मोझांबिक या आपल्या वसाहतींमधला प्रदेश जोडून आफ्रिकेत सलग पट्टा मिळवावा, असा पोर्तुगालचा बेत होता. त्या वर्षीच्या ११ जानेवारीला ब्रिटनने निर्वाणीचा खलिता धाडला आणि लिस्बनच्या सरकारने मुकाट्याने माघार घेतली. ब्रिटन हा शतकानुशतकांचा मित्र असल्यामुळे हा अपमान अधिकच झोंबला, आणि त्याचे खापर थेट राजावर फुटले. पुढच्याच वर्षी पोर्तो शहरात प्रजासत्ताकवाद्यांचा उठाव झाला. तो चिरडला गेला, परंतु १८९२ मध्ये राज्याला आपले कर्जही पुरते फेडता आले नाही. राजघराण्याने तिजोरीतून उचललेल्या आगाऊ रकमांचे प्रकरण उघडकीस आले, तेव्हा तर चहाडीखोरांना चघळायला आयतेच खाद्य मिळाले.

१९०७ मध्ये पंतप्रधान जुवांव फ्रांकु याने राजाच्या संमतीने संसदेविना कारभार सुरू केला. १ फेब्रुवारी १९०८ रोजी लिस्बनच्या नदीकाठच्या चौकात उघड्या घोडागाडीतून जाणाऱ्या दों कार्लुश आणि युवराज लुईश फिलिप यांना गोळ्या घालण्यात आल्या. गादीवर आला तो अठरा वर्षांचा धाकटा मुलगा, दों मानुएल.

प्रत्यक्ष क्रांतीची हकीकत तर एखाद्या फार्सात शोभावी अशी आहे. ३ ऑक्टोबरच्या रात्री उठाव सुरू झाला आणि सारे फसले, अशा समजुतीने त्याचा नेता अ‍ॅडमिरल कांदिदु दुश रैश याने आत्महत्या केली. बहुतेक अधिकारी पांगले. माशादु सांतुश हा नौदलातला कनिष्ठ अधिकारी तेवढा काहीशे सैनिक आणि नागरिक यांच्यासह रोटुंडा चौकात तळ ठोकून राहिला. बंडात सामील झालेल्या युद्धनौकांनी राजवाड्यावर तोफा डागल्या. ५ तारखेच्या सकाळी परदेशी नागरिकांना बाहेर पडता यावे म्हणून जर्मनीचा राजनैतिक प्रतिनिधी पांढरे निशाण घेऊन युद्धतहकुबीची बोलणी करायला निघाला, तर लोकांना वाटले की राजाची फौज शरण आली. जमाव रस्त्यावर उतरला, सैनिक त्यात मिसळले, आणि नगरभवनाच्या सज्जातून प्रजासत्ताकाची द्वाही फिरवण्यात आली. राजाने आदल्या दिवशीच लिस्बन सोडून माफ्रा गाव गाठले होते, आणि त्या दुपारी तो एरिसेइराच्या किनाऱ्यावरून आई आणि आजी यांच्यासह नावेत बसला. गादीसाठी जीव द्यायला कोणी उरलेच नव्हते, असे माझे मत आहे.

प्रतिपक्ष

दप्तरी यांनी हकीकत उत्तम सांगितली आहे, परंतु ब्रिटनच्या खलित्याला इतके महत्त्व द्यावे असे मला वाटत नाही. खरी कीड घरातली होती. दोन राजनिष्ठ पक्ष आळीपाळीने सत्तेवर येत, राजा संसद बरखास्त करी, आणि नवे मंत्रिमंडळ आपल्याला हवा तसा निकाल निवडणुकीतून काढून घेई. या खेळाचा वीट आलेल्या लिस्बनने ऑगस्ट १९१०च्या निवडणुकीत प्रजासत्ताकवाद्यांना भरभरून मते दिली होती.

मात्र लिस्बन म्हणजे पोर्तुगाल नव्हे, आणि क्रांतीचे सारे दुखणे येथेच आहे. सुमारे तीन-चतुर्थांश प्रजा निरक्षर होती. नव्या राजवटीने १९१३च्या कायद्याने मताधिकार साक्षर पुरुषांपुरता ठेवला, त्यामुळे मतदारांची संख्या राजेशाहीतल्यापेक्षाही घटली. १९११ मध्ये कारोलिना बियात्रिश आंजेलु या विधवा डॉक्टर महिलेने ‘कुटुंबप्रमुख’ या शब्दावर बोट ठेवून कोर्टामार्फत मतदान केले होते. ती फटही १९१३ मध्ये ‘पुरुष’ हा शब्द घालून बुजवण्यात आली. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाची हकालपट्टी आणि २० एप्रिल १९११चा धर्म व राज्य विभक्त करणारा कायदा यांमुळे उत्तरेकडचा भाविक शेतकरी दुरावला. पहिल्या महायुद्धातील सहभागाने तिजोरी खंगली आणि चलन घसरले. सोळा वर्षांत पंचेचाळीस मंत्रिमंडळे झाली. रोटुंडा लढवणाऱ्या माशादु सांतुशलाच ऑक्टोबर १९२१ मध्ये बंडखोरांनी ठार केले. २८ मे १९२६ रोजी लष्कराने सत्ता घेतली, आणि त्या वाटेने हुकूमशहा सालाझार आला.

अंत्रुजवासी

वडीलधाऱ्यांचे म्हणणे बव्हंशी खरे आहे. राजेशाहीच्या घटनेनुसार कॅथलिक पंथ हा राज्याचा धर्म होता. काही हिंदू वजन राखून असले, तरी कायद्याने संपूर्ण बरोबरी नव्हती. प्रजासत्ताकाने ती दिली, आणि सरकारी नोकऱ्यांचे दरवाजे उघडले. शाळा, वाचनालये आणि मराठी नियतकालिके यांना त्या काळात जो बहर आला, त्यात हेगडे देसाई यांच्या ‘भारत’ पत्राचा आवर्जून उल्लेख करावा लागेल.

गंमत अशी, की लिस्बनमध्ये जे प्रजासत्ताक सोळा वर्षे टिकले, त्याचे कायदे गोव्यात मुक्तीनंतरही चालू राहिले. घटस्फोटाचा ३ नोव्हेंबर १९१०चा आणि विवाहाला नागरी करार मानणारा २५ डिसेंबर १९१०चा हुकूम ही त्याची उदाहरणे. आजही आमच्याकडे लग्न ठरले, की मुहूर्ताच्या धांदलीतून वेळ काढून वधूवरांना निबंधकाच्या कचेरीत दोनदा सही करायला जावे लागते.

मिळालेले सारे टिकले मात्र नाही. १९३०च्या वसाहतविषयक कायद्याने गोव्याचा दर्जा पुन्हा खाली आणला. त्याविरुद्ध त्याच वर्षी विधिमंडळात स्वयंनिर्णयाच्या हक्काचा ठराव मांडला तो लुईश द मिनेझिश ब्रागांझा यांनी, जे स्वतः कडवे प्रजासत्ताकवादी होते. आडनाव तेवढे राजघराण्याचे.

नाणेवाला

सर्वांचे आभार. पणजोबा १९१४ मध्ये सरकारी कचेरीत कारकून म्हणून लागले, हे श्रेय आमच्या घरी आजवर त्यांच्या वळणदार अक्षराला दिले जात असे. ते दोन्ही रुपये त्यांनी एकाच फडक्यात बांधून ठेवले होते.