दहावीला 46 टक्के, सगळे म्हणतात इलेक्ट्रिशियन विसरा. मग नक्की काय उरतं?

सांगोला_आई
नमस्कार, माझ्या मुलाला दहावीला 46 टक्के पडलेत, गणितात 41. शाळेत त्याचं मन लागत नव्हतं हे आम्हाला माहीत होतं पण घरची मोटार बंद पडली की वायरमन यायच्या आधी हाच स्टार्टर उघडून बसतो, काळे पडलेले पॉइंट पॉलिश पेपरने घासतो, कुठली फेज येत नाही ते टेस्टरने बघतो आणि बऱ्याचदा मोटार चालू पण करतो. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियनच करायचंय. चौकशी केली तर सांगतात सरकारी आयटीआयला इलेक्ट्रिशियनची लिस्ट एवढ्या खाली येतच नाही, तुम्हाला प्लंबर, सुतारकाम, शिवणकाम असलं काहीतरी मिळेल. नातेवाईक म्हणतात आर्ट्सला टाका, बारावी तरी होईल. आणि एक खासगी आयटीआयवाला रोज फोन करतोय की मॅनेजमेंट कोट्यातून इलेक्ट्रिशियनची सीट लगेच देतो, फीचे चाळीस हजार भरा, हजेरीचं आम्ही बघून घेऊ. हे ऐकून मला भीतीच वाटली. पोरगा दोन दिवस धड जेवला नाही, म्हणतो मला जे येतं त्याला मार्कच नाहीत. ज्यांना माहिती आहे त्यांनी प्लीज सांगा, कमी मार्कवाल्याने करायचं तरी काय?

निदेशक_वायरिंग
ताई, मी सरकारी आयटीआयमध्ये शिकवतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. इलेक्ट्रिशियनच्या एका तुकडीत जागा 20. त्यातून आरक्षण वजा करा, म्हणजे तुमच्या प्रवर्गाला किती राहतात ते बघा. वर सत्तर पंच्याहत्तर टक्केवाली मुलं पण आता अकरावी सोडून इकडे येतात कारण नोकरी लवकर लागते, म्हणून लिस्ट वर जाते. तुमच्या मुलात काही कमी आहे म्हणून नाही, जागाच कमी आहेत. मागणी आहे त्या ट्रेडच्या तुकड्या वाढवायला पाहिजेत हे मी मीटिंगमध्ये पण बोलतो, इथे पण बोलतो.

आता तुमच्यासाठी. वायरमन ट्रेड बघा. तो पण दोन वर्षांचा, त्याला दहावी नापास पण चालतो म्हणून लोक त्याला हलका समजतात आणि लिस्ट बरीच खाली येते. शिकायला काय, तर हाऊस वायरिंग, केबल जॉइंट, अर्थिंग, मोटार स्टार्टर, पॅनल, मेगर नावाच्या मीटरने इन्सुलेशन तपासणं, म्हणजे तुमचा पोरगा आत्ता जे करतोय तेच नीट पद्धतीने. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीत इलेक्ट्रिशियन आणि वायरमन दोन्ही ट्रेड चालतात. पुढे विद्युत परवाना मंडळाकडून वायरमनचा परवाना पण काढता येतो.

अर्ज करताना एक गोष्ट फार जपून करा. ऑनलाइन फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही, जवळच्या सरकारी आयटीआयमध्ये मूळ कागद घेऊन जाऊन तो कन्फर्म करायचा आणि त्यानंतर विकल्प भरायचे. पहिल्या फेरीत पहिला विकल्प मिळाला तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या फेऱ्यांमधून बाहेर. त्यामुळे मिळेल की नाही या भीतीने प्लंबर पहिला टाकू नका. आधी इलेक्ट्रिशियन, मग वायरमन, आणि फक्त सांगोला नाही, पंढरपूर, मंगळवेढा, सोलापूर, जिथे हॉस्टेल किंवा एसटी पासवर जमेल तिथले सगळे टाका. शेवटी संस्था स्तरावर समुपदेशन फेरी असते, रिकाम्या जागा तिथे भरतात, बरेच पालक तोपर्यंत कंटाळून आर्ट्सला नाव घालून बसलेले असतात.

कोल्हापूरकर77
सर बरोबर सांगतायत पण मी थोडं वेगळं म्हणतो. 16 वर्षाचं पोरगं, आत्ताच त्याला वायरमन म्हणून शिक्का मारायचा का? बारावी नसेल तर पुढे अर्धे फॉर्म भरताच येत नाहीत. अकरावी आता सगळ्या राज्यात ऑनलाइन झालीय, 46 वर आर्ट्स कुठेही मिळेल, बारावी करू दे आणि मग बघा.

निदेशक_वायरिंग
दादा बारावीची काळजी रास्त आहे पण त्याची सोय आहे. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय पास झाला आणि बोर्डाचे दोन भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते, तिथे ॲडमिशन झाल्यावर मुलाने ऑफिसात विचारायचं फक्त. आणि शिक्का कसला, दहावी पास आणि दोन वर्षांचा ट्रेड असेल तर पॉलिटेक्निक डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणून मी कमी मार्कवाल्यांना एक वर्षाच्या ट्रेडपेक्षा दोन वर्षांचा घ्या सांगतो, पुढचा दरवाजा त्यामुळे उघडा राहतो.

चाकण_मेंटेनन्स
मी वायरमन करून आता चाकणला एका कंपनीत मेंटेनन्सला आहे. मला पण दहावीला पन्नासच्या आतच होते. घरच्यांनी तेव्हा गावात सांगितलंच नव्हतं कुठला ट्रेड मिळालाय ते. आयटीआयनंतर एक वर्ष ॲप्रेंटिसशिप केली, स्टायपेंड मिळायचा, खोलीभाडं सुटायचं, आणि खरं काम तिथेच शिकलो. लाइन बंद पडली की सुपरवायझर मागे उभा असतो तेव्हा टक्केवारी कोणी विचारत नाही, फॉल्ट सापडतो का एवढंच विचारतात. पण ताई एक खरं सांगतो, सुरुवातीला काँट्रॅक्टवर घेतात, पगार कमी असतो, कायम होणं आता अवघड झालंय, हे त्याला आधीच सांगा. आणि गणित सोडू देऊ नका, पेपरात वर्कशॉप कॅल्क्युलेशन असतं, ओहमचा नियम, पॉवर फॅक्टर, तिथे बरीच पोरं नापास होतात.

फिटर पण यादीत टाका बरं का खाली कुठेतरी, सीट राहिली तर. सुरुवातीला कानस मारून मारून हाताला फोड येतात, एक लोखंडाचा तुकडा घासायचा आणि गुण्या लावून उजेडात धरायचा, फटीतून उजेड दिसला की परत घासायचा. ज्याला हाताने काम करायला आवडतं त्याला ते जमतं.

सांगोला_आई
तुम्हा सगळ्यांचे खूप आभार, पोराला शेजारी बसवून वाचून दाखवलं, वायरमनमध्ये स्टार्टर आणि पॅनल आहे म्हटल्यावर म्हणाला मग मला चालतंय. पण तो खासगीवाला अजून फोन करतोय, म्हणतो सरकारी फेऱ्यांच्या नादाला लागलात तर वर्ष जाईल. आणि डिप्लोमाला नियमाने 35 टक्के पुरतात असं पण कोणीतरी सांगितलं, मग सरळ तेच का नको?

लातूर_मावशी
ताई त्या हजेरी बघून घेतो म्हणणाऱ्याला नाही म्हणून टाका. माझ्या भाच्याचं अशाच एका ठिकाणी झालं, दोन वर्षं मशीनला हात लागला नाही, सर्टिफिकेट मिळालं पण कंपनीत ट्रायलला उभं केलं तर मीटर कुठे लावायचा कळेना, रडत घरी आला. सगळी खासगी आयटीआय तशी नसतात, काही चांगली पण आहेत, पण पैसे द्यायच्या आधी वर्कशॉप उघडून दाखवा म्हणायचं, शिकवणारा माणूस आहे का, मोटारी फिरतात का की नुसत्या रंगवून ठेवल्यात, आणि तिथल्या पोरांशी बाहेर चहाच्या टपरीवर बोलायचं. ते खरं सांगतात.

निदेशक_वायरिंग
मावशींचं शंभर टक्के बरोबर. त्यात भर, केंद्राची म्हणजे डीजीटीची (पूर्वी एनसीव्हीटी म्हणायचे) मान्यता संस्थेला आहे असं ते सांगतील, तुम्ही त्या ट्रेडच्या त्या तुकडीला आहे का ते विचारा, मान्यता तशीच मिळते. हजेरी नियमाने 80 टक्के लागते, ते बघून घेतो म्हणतात म्हणजे शिकवणार नाहीत. आणि पैशाचं महत्त्वाचं, खासगी आयटीआयच्या फीची प्रतिपूर्ती महाडीबीटी या सरकारी शिष्यवृत्तीच्या पोर्टलवरून मिळते पण सरकारच्या ऑनलाइन केंद्रीय फेरीतून प्रवेश झाला असेल तर, मॅनेजमेंट कोट्यातून घेतला तर ते चाळीस हजार तुमच्याच खिशातले. त्यामुळे चांगलं खासगी आयटीआय सापडलं तर ते पण फेरीच्या विकल्पातच टाका.

डिप्लोमाचं म्हणाल तर 35 टक्के पुरतात हे खरं, रिकाम्या जागा असल्या की खासगी कॉलेज लगेच घेतं. पण गणितात 41 वाली मुलं पहिल्या सेमिस्टरच्या गणितातच अडकलेली मी बघितलीत, फी जाते आणि पोराचा उरलेला धीर पण जातो. दोन वर्षं ट्रेड करून हात बसला, गणिताची भीती गेली, मग दुसऱ्या वर्षाला गेला तर टिकेल.

चाकण_मेंटेनन्स
ताई अजून एक, आत्तापासूनच गावातल्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे त्याला संध्याकाळी बसवा, बघून बघून खूप शिकेल. फक्त चालू लाइनला हात लावू देऊ नका, आधी कटआऊट काढायला शिकवा, घरी पण.

सांगोला_आई
हो, ते मी आजच सांगते त्याला, स्टार्टर उघडताना माझा जीव वरखाली होतो. उद्या मंगळवेढ्याला जाऊन वर्कशॉप बघून येतो दोघं. कागद काय काय लागतील?

निदेशक_वायरिंग
दहावीचं मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, आणि प्रवर्गातून भरत असाल तर जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन क्रिमीलेयर. फी सवलतीसाठी उत्पन्नाचा दाखला लागतो, तो नसेल तर सेतूत आजच अर्ज टाका, सीझनमध्ये तिथे गर्दी असते आणि कागदासाठी चांगली सीट गेलेली मुलं दरवर्षी बघतो. फॉर्म कन्फर्म झाला की इथे लिहा, विकल्पांचा क्रम मी बघून देतो.