मैत्रिणीला स्वतःच ऑफिसात आणलं, आता काय करू? (आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरचं बोलणं)

बी-२०४: टँकरच्या मेसेजमध्ये मध्येच हे टाकतेय, सॉरी, पण घरी बोलून बोलून थकले आणि इथे नोकऱ्या केलेली बरीच मंडळी आहेत म्हणून विचारते. मी टॅक्स कन्सल्टंटकडे जीएसटीचं काम बघते, आठ वर्षं झाली. दिवाळीनंतर एक जागा रिकामी झाली तेव्हा सरांना माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीचं नाव मीच सुचवलं. माझ्या डोहाळजेवणाचं सगळं जिने अंगावर घेतलं होतं ती. आता ती शेजारच्या टेबलावर बसते आणि मला सकाळी ऑफिसला जायचं जिवावर येतं.

ए-१०१: टँकर उद्या सकाळी ७ ला येतोय, ते मिटलं. तू बोल गं. नेमकं करते काय ती?

बी-२०४: काका, वेळेवर येते, गोड बोलते, सगळ्यांना आवडते. पण काम अर्धं टाकून रजिस्टरला "झालं" लिहून मोकळी होते. दर महिन्याच्या १४ तारखेला पोर्टलवर २बी येतं, म्हणजे सप्लायरनी दाखवलेल्या बिलांची यादी, ती क्लायंटच्या खरेदीशी एकेक बिल लावून बघायची आणि २बीत दिसतं तेवढंच क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, ३बीत, म्हणजे महिन्याच्या रिटर्नमध्ये घ्यायचं, २० तारखेच्या आत, २०२२ पासून नियमच आहे तो. ही मॅच न करताच टॅलीतला आकडा उचलून टाकते. सातपूरच्या एका फॅब्रिकेशनवाल्याचं असंच जास्तीचं क्रेडिट गेलं आणि डीआरसी-०१सी ही जीएसटीची नोटीस आली, सात दिवसांत फरक व्याजासकट भरा नाहीतर कारण द्या. आणि ३बी एकदा भरलं की रिवाइज होत नाही. मग मी दोन रात्री घरी बसून बिलं लावली, उत्तर तयार केलं आणि सरांना म्हटलं सप्लायरने उशिरा भरलंय.

सी-३०२: खोटं सांगितलंस?

बी-२०४: अर्धं खरं होतं ताई. काही बिलं खरंच उशिराची होती. बाकीची नव्हती.

बी-४०१: अगं पण तिच्या घरी काही चालू असेल, विचारलंस का? नवीन नोकरीत माणूस गांगरतो. एवढी जवळची मैत्रीण, लगेच तक्रार नको करूस बाई.

बी-२०४: वहिनी, तक्रार मलाही नाही करायची. तिच्या मिस्टरांचं काम सुटलंय, घराचा हप्ता तिच्या पगारावर चाललाय, म्हणून तर माझं तोंड उघडत नाही.

ए-१०१: मी बँकेत होतो, माझं सांगतो. ब्रँचच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात, दोन वेगळ्या माणसांकडे, एकट्याला तिजोरी उघडताच येऊ नये म्हणून. जॉइंट कस्टडी म्हणतात. दुसरी किल्ली माझ्या मित्राकडे होती, एका स्कूटरवर यायचो जायचो आम्ही. त्याला सकाळी लवकर यायचा कंटाळा, मग संध्याकाळी किल्ली माझ्याकडेच देऊन जायचा, म्हणायचा तू आहेस ना. पाच-सहा महिने चाललं असं. एक दिवस सकाळी सकाळी इन्स्पेक्शनचे साहेब दारात, आणि दोन्ही किल्ल्या माझ्या खिशात. पैसा एक रुपया इकडचा तिकडे नव्हता तरी मेमो दोघांना. मला इतके महिने वाटत होतं मी त्याला सांभाळून घेतोय. आता मला सांग, तिने केलेल्या कामावर "तपासलं" म्हणून सही कोणाची असते?

बी-२०४: माझी.

ए-१०१: तीच तुझी किल्ली.

बी-२०४: काका हे असं डोक्यातच आलं नव्हतं. आणि अजून एक सांगते, आता बोलतेच आहे तर. तिला २बी लावता येतं असं सरांना मीच सांगितलं होतं. तिने आधी फक्त शोरूमला बिलिंग केलंय. मला वाटलं महिन्याभरात शिकेल, मी आहेच बाजूला.

सी-३०२: मग अर्धा प्रश्न तिथेच आहे. तिला येत नाही, आणि येत नाही हे ती आता कोणाला सांगू शकत नाही, तुलाच तोंडघशी पाडल्यासारखं होईल म्हणून. मी २१ वर्षं वॉर्डात आहे. माझी एक मैत्रीण पहाटेचं बीपी न घेताच चार्ट भरून ठेवायची आणि मी तिच्या पेशंटचं बीपी गुपचूप घेऊन आकडे बदलायचे. मला वाटायचं पेशंटचंही भलं आणि मैत्रिणीचंही. पण माझी नाईट नसेल तेव्हा त्या पेशंटचं कोण बघत होतं? हा विचार मला फार उशिरा आला. शेवटी तिच्यासमोर चार्ट धरला आणि म्हटलं हा ७ नंबर बेडचा आकडा तू घेतलेला नाहीस. एवढंच. तू अशीच आहेस, तुझं लक्षच नसतं, असलं काही बोलू नकोस, ते ऐकलं की माणूस भांडायलाच उठतो. एक क्लायंट, एक तारीख, एक फाइल घेऊन बस. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अजिबात नको.

बी-४०१: आणि सरांचं काय? त्यांना सांगितलं तर काढतील ना तिला.

सी-३०२: तिच्याबद्दल नाही, स्वतःबद्दल सांगायचं वहिनी. मी न तपासता सही केली आणि तिला येतं असं मी म्हटलं होतं. पण आधी तिला सांगून मग सरांकडे, मागून नाही.

बी-२०४: बघते. झोप तर नाहीच येणार आज.

(चार दिवसांनी)

बी-२०४: काका, ताई, वहिनी, बोलले. ऑफिसात नाही, खाली रसवंतीवर नेलं, फाइल बरोबर घेतली. आधी हसली, मग म्हणाली तू पण सरांसारखी बोलायला लागलीस, मग रडली. मला येत नाही हे तुला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं ना, मग शिकवायचं सोडून माझं काम घरी का नेत होतीस, असं विचारलं तिने. माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं. रागावले, माझ्यावरच जास्त. तीन महिने तिला फक्त छोटे क्लायंट, आणि सही करायच्या आधी शीट मी खरोखर बघायची, असं ठरलंय. तिला काढलं नाही.

बी-४०१: देवाची कृपा. आणि तुमचं दोघींचं?

बी-२०४: आज १४ ना, २बी आलं. दुपारी तिने पहिल्या क्लायंटची शीट पाठवली, न जुळणारी अकरा बिलं लाल करून. त्यातली दोन जुळत होती, नंबरात फक्त एक शून्य जास्त पडलं होतं, ती परत पाठवली. तिने नीट करून दिली, मग सही केली. डबा मात्र वेगवेगळाच खाल्ला आज.