अनुभव धागा : उत्तर आलं नव्हतं, तरी विश्वास धरला

बायबलमधल्या गणना या पुस्तकाच्या 13व्या अध्यायातले 12 हेर 40 दिवस एकाच देशात फिरले, देवाने इस्राएल लोकांना देऊ केलेल्या कनानमध्ये. धिप्पाड माणसं, तटबंदीची नगरं, द्राक्षांचा तो घोस, सगळ्यांनी तेच पाहिलं. दहा जण कच खाऊन परतले. यहोशवा आणि कालेब 'चला' म्हणाले. त्या दोघांना धोका दिसला नव्हता असं नाही. त्यांनी हिशेबात देवाला धरलं, इतकंच. तुमच्यावर अशी वेळ आली का? चमत्काराचीच साक्ष हवी असं नाही, अर्धवट राहिलेलंही लिहा.

मोहरी
आईला कर्करोग होता. मंडळीने (चर्चच्या लोकांनी) उपवास-प्रार्थना केली, मंडळीतल्या वडीलजनांनी तेल लावून प्रार्थना केली. आई गेली. नंतर कोणीतरी म्हणालं, "विश्वास कमी पडला." आईच्या जाण्यापेक्षा त्या वाक्यानेच मी देवापासून जास्त तुटले. शेवटच्या दिवसांत आई माझ्याकडून बायबलमधला दानीएल 3 वाचून घ्यायची. राजाच्या मूर्तीपुढे वाकत नाहीत म्हणून भट्टीत टाकले जाणारे तिघे राजाला सांगतात, आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि नाही सोडवलं तरी तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही. आईने बरं होण्यासाठी मागणं थांबवलं नाही आणि ती देवावर रुसलीही नाही. मी मात्र बरीच रुसले. आता पुन्हा प्रार्थना करते, भांडत भांडत.

रात्रपाळी
नोकरी गेली तेव्हा स्तोत्र 13 पाठ झालं. पहिल्या दोन वचनांत चार वेळा 'कोठवर' आहे, आणि पाचव्यात ते गाणारा दावीद देवाच्या दयेवर भरवसा ठेवल्याचं सांगतो. मधे परिस्थिती बदलल्याचा कुठे उल्लेख नाही! पुढे कमी पगाराचं काम मिळालं. त्याला उत्तर म्हणायचं का, अजून ठरवलेलं नाही.

शेवटचा बाक
येशू मेलेल्यांतून उठला हे पाहिल्याशिवाय मानणार नाही, असं म्हणणाऱ्या थोमा या शिष्याला उगाच एकट्याला धारेवर धरतात. लूक 24 मध्ये स्त्रियांनी रिकाम्या कबरेचं सांगितलं, तेव्हा बाकीच्या शिष्यांनाही ती वायफळ बडबड वाटली होती. योहान 20 नीट वाचा : आठ दिवसांनी थोमा त्यांच्यासोबत त्याच घरात आहे. पटत नसूनही तो निघून गेला नाही, त्यांनीही त्याला बाहेर काढलं नाही. माझंही असंच. देव आहे की नाही, हेच कळेनासं झालं होतं, तरी रविवारी जात राहिलो. गीतं म्हणायचो नाही. शेजारचे आजोबा काही न विचारता गीतांचं पुस्तक माझ्याकडे सरकवायचे. नेमकं कधी बदललं, सांगता येत नाही.

एक बाबा
मोहरीताई, ते वाक्य ऐकवणाऱ्यांना मार्क 9 दाखवा. आजारी मुलाचा बाप येशूला म्हणतो, विश्वास आहे, माझा अविश्वास घालवा. येशूने त्याला 'आधी विश्वास पुरा करून ये' म्हणून परत नाही पाठवलं. मुलगा बरा झाला.
माझ्या मुलाला जन्मापासून ऐकू येत नाही. तो बरा झालेला नाही. त्या बापाची प्रार्थना मी रोज करतो. कधी पहिला अर्धा भाग मनापासून निघतो, कधी फक्त दुसरा. आम्ही घरात सगळे खुणांची भाषा शिकतोय. काहींना हाच अविश्वास वाटतो : "बरा होईल असं मानता ना, मग कशाला शिकता?" मला तसं वाटत नाही. मुलाला आज माझ्याशी बोलायचंय.