मदत हवी आहे: पॅटर्न लिहिलाय, पण 'भारीच!' पलीकडे कोणी काही बोलत नाही

नमस्कार मंडळी,

बरीच वर्षं बॅकएंडचं काम करतोय. एकच दुखणं आमच्या टीममध्ये तीन वेगवेगळ्या सिस्टिम्समध्ये उपटलं, तेव्हा म्हटलं आता यावर नीट डिझाइन पॅटर्न (वारंवार येणाऱ्या अडचणीवरचा, नाव देऊन मांडलेला उपाय) लिहून ठेवू, पुढच्याची तरी रात्र वाचेल. लिहिला आणि टीमच्या ग्रुपवर टाकला. दोन अंगठे आले, एक 'भारीच!' आलं, आणि एका ज्येष्ठ सहकाऱ्याने उदाहरणाच्या कोडमधल्या व्हेरिएबलच्या नावांवर बारा कॉमेंट्स टाकल्या. पॅटर्नबद्दल अवाक्षर नाही.

मग मीटिंग लावली. तिथे तऱ्हा वेगळी. कोणी तोंड उघडलं की मी लगेच "तसं नाहीये ते, त्याचं कारण असं की..." नंतर रेकॉर्डिंग ऐकलं तर चाळीस मिनिटांतली पस्तीस मीच बोलतोय. स्वतःचाच राग आला.

मसुदा थोडक्यात देतो:

नाव: सुरक्षित रिट्राय.
अडचण: क्लायंटने (म्हणजे मागणी करणाऱ्या अॅपने) पेमेंटची रिक्वेस्ट पाठवली. सर्व्हरने पैसे कापले, पण उत्तर वाटेतच हरवलं. क्लायंटच्या लेखी तो टाइमआउट, वेळेत उत्तर नाही. तो पुन्हा पाठवतो (हाच रिट्राय) आणि पैसे दोनदा कापले जातात.
उपाय: क्लायंटने रिक्वेस्ट पाठवताना एक युनिक किल्ली तयार करून सोबत द्यावी. सर्व्हरने ती उत्तरासकट टेबलात नोंदवावी. तीच किल्ली पुन्हा आली तर काम न करता नोंदवलेलंच उत्तर परत द्यावं.

यात काय कमी आहे ते सांगाच, पण त्याहून मोठा प्रश्न असा की लोकांकडून कामाचा अभिप्राय काढायचा कसा? जाणकारांनी प्रकाश टाकावा. आगाऊ धन्यवाद.

---

आळशी_कंपायलर: व्हेरिएबलची नावं काय होती ते आधी सांगा, मग बोलू. 😀 बाकी +१, आमच्याकडेही हेच. वाचतोय.

---

जुनी_खोड: तुमचा आजार जुना आहे आणि त्यावरचं औषधही जुनंच आहे.

ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराची पॅटर्नची कल्पना 1987 मध्ये केंट बेक आणि वॉर्ड कनिंगहॅम यांनी सॉफ्टवेअरमध्ये आणली. पुढे 1993 मध्ये हिलसाइड ग्रुप हा पॅटर्नवाल्यांचा गट उभा राहिला आणि 1994 मध्ये पॅटर्न लिहिणाऱ्यांची पहिली परिषद इलिनॉयमध्ये भरली. या मंडळींपुढेही तुमचाच प्रश्न होता. रिचर्ड गॅब्रिएल हे लिस्प या प्रोग्रामिंग भाषेतले, पण कविताही लिहिणारे. कथा-कवितेच्या कार्यशाळांमध्ये चालणारी पद्धत त्यांनी इथे आणली. म्हणजे काय, तर लेखकाने स्लाइड्स घेऊन उभं राहायचंच नाही.

आधी लेखक आपल्या लेखातला एखादा परिच्छेद मोठ्याने वाचतो. त्यानंतर त्याचं तोंड बंद. तो भिंतीवरची माशी. बाकीचे त्याच्याकडे न बघता, तो खोलीत नाहीच असं धरून आपसात बोलतात. पहिल्यांदा कुणीतरी आपल्या शब्दांत पॅटर्न सांगतो. मग काय चांगलं आहे आणि काय तसंच ठेवावं, हे. त्यानंतर सुधारणा, पण 'हे कळलं नाही' एवढ्यावर थांबायचं नाही, 'असं केलं तर कळेल' इथपर्यंत जायचं. अगदी शेवटी लेखकाला बोलू देतात, तेही फक्त एखादी सूचना समजली नसेल तर विचारायला. समर्थन करायला नाही!

कार्यशाळेच्या आधी एक 'मेंढपाळ' असतो. अनुभवी माणूस, काही आठवडे लेखकाबरोबर मसुद्याच्या दोन-तीन फेऱ्या करतो. टीममध्ये तो एक जण गाठलात तरी अर्धं काम होईल. आणि व्हेरिएबलवाल्यांचा उपाय सोपा आहे: कार्यशाळेच्या प्रतीतून कोडच काढून टाका.

---

रिकामा_पॉइंटर: स्पष्ट बोलतो, राग नसावा. हे पॅटर्न प्रकरणच मला थोतांड वाटतं. 1994 च्या 'डिझाइन पॅटर्न्स' या चौघांच्या पुस्तकातले 23 पॅटर्न पाठ करून आलेल्या लोकांनी साध्या फंक्शनच्या जागी पाच-पाच क्लासेस उभे केलेले निस्तरलेत मी. एक ब्लॉगपोस्ट लिहा आणि मोकळे व्हा.

---

नोड_अकरा: निस्तरलं मीही आहे. पण त्याच पुस्तकात प्रत्येक पॅटर्नखाली तो कधी वापरावा, त्याचे परिणाम काय आणि तो प्रत्यक्षात कुठे वापरलाय, हे विभाग आहेत. लोक आकृती बघतात आणि पुढे सरकतात, त्याला पुस्तक काय करणार?

आता धागाकर्त्याच्या मसुद्याकडे येते, कारण त्यातही हेच भाग गायब आहेत. तुम्ही अडचण आणि उपाय दिलात. त्या अडचणीतली ओढाताण कुठे आहे? रिट्राय केला नाही तर ऑर्डर हरवते, केला तर पैसे दोनदा जातात. सगळ्या किल्ल्या कायम ठेवल्या तर टेबल फुगत जातं, लवकर पुसल्या तर उशिरा आलेला रिट्राय नवा व्यवहार म्हणून घुसतो. हे लिहिलं नाही तर वाचणाऱ्याला वाटणार, यात पॅटर्न कसला, एक कॉलम वाढवला की झालं.

काही भोकं पण आहेत. पहिली रिक्वेस्ट अजून चालू असताना दुसरी आली तर? नोंदवलेलं उत्तर अजून तयारच नाही. म्हणून किल्लीची नोंद कामाच्या आधी व्हायला हवी, 'चालू आहे' या खुणेसह, आणि त्या कॉलमवर युनिक कन्स्ट्रेंट (तीच किल्ली दुसऱ्यांदा घालू न देणारं बंधन) हवा. 'आधी शोधा, नसेल तर घाला' असं दोन पावलांत केलं तर मधल्या फटीतून दुसरी रिक्वेस्ट शिरते. दुसरीला 409 (टक्कर झाली असं सांगणारा एचटीटीपी कोड) द्या. किल्ली तीच पण रक्कम वेगळी आली तर जुनं उत्तर गुपचूप परत देऊ नका, 422 (ही रिक्वेस्ट चालणार नाही, हा कोड) द्या. त्यासाठी किल्लीसोबत रिक्वेस्टचा हॅशही (मजकुराचा छोटा ठसा) ठेवावा लागेल. पैसे कापणारी सेवा बाहेरची असेल तर ती तुमच्या डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होतं किंवा काहीच नाही, अशा गटात) येत नाही, तेव्हा तिलाही पुढे किल्ली द्यावी लागते. हा शेवटचा मुद्दा मी स्वतः रडून शिकले आहे, त्यामुळे तो ठळक अक्षरांत टाका.

आणि तीनचा नियम. जो उपाय एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन ठिकाणी सापडत नाही, त्याला पॅटर्न म्हणायची घाई करू नये. तुमच्या तिन्ही सिस्टिम्स एकाच टीमच्या, त्या एकच धरा. बाहेरची उदाहरणं भरपूर आहेत. स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या एपीआयमध्ये अशी किल्ली हेडरमधून जाते आणि निदान 24 तास जपली जाते. अॅमेझॉनची एसक्यूएस फिफो ही मेसेजची रांग तोच आयडी 5 मिनिटांच्या आत पुन्हा आला तर मेसेज दुसऱ्यांदा पोचवत नाही. ईसीटू या त्यांच्याच भाड्याच्या सर्व्हरच्या सेवेत सर्व्हर सुरू करताना क्लायंट टोकन, म्हणजे अशीच किल्ली, देता येतं. 24 तास आणि 5 मिनिटं यातला फरक बघा, तुमचा 'परिणाम' विभाग तिथूनच लिहायला सुरुवात होईल.

---

धागाकर्ता: सगळ्यांचे आभार. नोड_अकरा, तुमचा प्रतिसाद छापून टेबलावर ठेवलाय. रिकामा_पॉइंटर, राग नाही, पाच क्लासेसवाला मीही होतो एकेकाळी.

काल कार्यशाळा केली. पाच जण, कोड काढून टाकलेली दोन पानं, मी कोपऱ्यात. जे कळलं ते इथे कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं, माझ्या तर नाहीच नाही.

टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला पॅटर्न आपल्या शब्दांत सांगायला लावला होता. ती म्हणाली, "क्लायंट प्रत्येक वेळी पाठवताना नवीन किल्ली बनवतो, आणि सर्व्हर ती जुळवून बघतो." दुसरा म्हणाला, "हो, मीही असंच लिहिलंय." म्हणजे त्याच्या कोडमध्ये रिट्रायच्या लूपच्या आत किल्ली तयार होतेय! प्रत्येक प्रयत्नाला नवी किल्ली, म्हणजे सर्व्हरला प्रत्येक रिट्राय नवाच व्यवहार वाटणार. सगळं मुसळ केरात. मी जीभ चावून बसलो होतो, ओरडायचंच बाकी होतं.

घरी येऊन मसुदा बघितला. चूक त्यांची नव्हतीच. 'रिक्वेस्ट पाठवताना एक युनिक किल्ली तयार करून' हे वाक्य माझंच. ती बोलताना मला गप्प बसवलं नसतं तर मी "अगं, व्यवहाराला एक, रिक्वेस्टला नाही" असं तोंडी सांगून मोकळा झालो असतो, आणि कागदावरचं वाक्य होतं तसंच राहिलं असतं.

नवीन वाक्य: 'पहिल्या प्रयत्नाच्या आधी क्लायंटने व्यवहाराची किल्ली तयार करावी आणि ती स्वतःकडे जपून ठेवावी. त्या व्यवहाराचे पुढचे सगळे प्रयत्न, अॅप बंद पडून पुन्हा चालू झालं तरी, त्याच किल्लीने व्हावेत.'

लूपमधली किल्ली आजच बाहेर काढली. आता अडलंय ते नावाशी. 'सुरक्षित रिट्राय'वर पाचही जणांनी नाक मुरडलं, कशापासून सुरक्षित ते कळत नाही म्हणून. काही सुचतंय का?

---

आळशी_कंपायलर: 'एक व्यवहार, एक किल्ली'. नाव वाचूनच लूपवाल्याला चूक कळली असती.

---

धागाकर्ता: घेतलं.