मदत हवी आहे: १९९३ ची माझदा एमएक्स-५, रिम १४ इंचीच ठेवू की १५ वर जाऊ? टायर कोणते?

नमस्कार मंडळी,

जर्मनीत, स्टुटगार्टजवळ राहतो. हिवाळ्यात एक जुनी माझदा एमएक्स-५ घेतली. पहिली पिढी, १९९३ चं मॉडेल, १.६ लिटर, ११५ हॉर्सपॉवर, हेडलाइट वर उघडणारे. पॉवर स्टिअरिंग नाही, एबीएस नाही. वजन साडेनऊशे किलोच्या आसपास. लहानपणापासून मनात असलेली गाडी आहे, त्यामुळे टायरच्या बाबतीत घाई करायची नाही. तुमच्यापैकी कोणी ही गाडी किंवा अशीच हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी ठेवली असेल तर कृपया सल्ला द्या. थोडं लांबेल, पण सगळी माहिती एकदाच दिलेली बरी.

सध्या कंपनीचेच सात पाकळ्यांचे अलॉय आहेत, साडेपाच इंच रुंद, १४ इंची, ऑफसेट ४५ (गाडीला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेर आहे ते). त्यावर १८५/६० आर १४ टायर, म्हणजे १८५ मिमी रुंद, कडेची उंची रुंदीच्या ६० टक्के, १४ इंची रिमसाठी. नक्षी भरपूर शिल्लक आहे, म्हणून विकणाऱ्याने ‘टायर चांगले आहेत’ असं सांगितलं. पण कडेवरचा डॉट कोड ३११४, म्हणजे २०१४ च्या ३१ व्या आठवड्यात बनलेले. टॉर्च लावून बघितलं तर खाचांच्या तळाशी केसाएवढ्या भेगा आहेत, आणि रिमच्या वर बोटभर अंतरावर भेगांची एक गोल रांग सगळ्या टायरभर फिरली आहे. अंगठ्याचं नख रुतवून पाहिलं तर रबर दबतच नाही. कोरड्या रस्त्यावर चालून जातं. ओल्या रस्त्यावर मात्र राउंडअबाउटमधून दुसऱ्या गिअरमध्ये बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर जरा दिला की मागची बाजू कसलीही सूचना न देता निघते. तेव्हा टायर बदलायचे हे ठरलेलंच आहे. प्रश्न आहे तो कोणते आणि कुठल्या रिमवर.

गाडी एप्रिल ते ऑक्टोबर एवढीच चालते, नंबरप्लेटच हंगामी आहे. त्यामुळे हिवाळी टायरचा प्रश्न नाही, ऑल-सीझन नको. बहुतेक चालवणं श्वाबियन आल्बच्या घाटरस्त्यांवर, आणि कधी सवड काढून बाडेन-बाडेनहून फ्रॉयडनश्टाटपर्यंत, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरमाथ्यावरून जाणाऱ्या बी ५०० वर. तिथे वर गेलं की उन्हाळ्यातही ढग उतरतात आणि रस्ता ओला होतो, झाडांखाली तर तो दुपारपर्यंत वाळत नाही. ट्रॅकचं वेड नाही. वर्षातून एखाद वेळी न्यूरबुर्गरिंगच्या नॉर्डश्लायफंवर पर्यटकांसाठीच्या वेळेत एक-दोन चकरा माराव्यात अशी इच्छा आहे, पण टायर त्यासाठी निवडायचे नाहीत.

या गाडीचं स्टिअरिंग हाच तिचा जीव आहे, हे आधीच सांगून ठेवतो. पुढच्या चाकांखालून काय जातंय ते हातात कळतं. पांढऱ्या पट्ट्यावरून चाक गेलं तरी समजतं. पकड वाढवताना हे हरवलं तर मला काही मिळवल्यासारखं वाटणार नाही. एका टायरच्या दुकानात मला ‘सरळ १७ इंची टाका, गाडी उठून दिसेल’ असं आग्रहाने सांगितलं. मी तिथून निघालो.

अडचण अशी की १८५/६० आर १४ हे माप आता जवळपास फक्त छोट्या घरगुती गाड्यांच्या टायरांत मिळतं. टिकाऊ, कमी इंधन खाणारे, ओल्यातही ठीक, पण वळणावर कडा लवकर मुडपतात. उलट १९५/५० आर १५ मध्ये कसदार टायर बरेच आहेत, आणि चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तोच राहतो. आकडे मांडून पाहिले. १८५/६० आर १४ चा व्यास ५७७.६ मिमी, १९५/५० आर १५ चा ५७६. स्पीडोमीटर, गिअरिंग, सगळं जसंच्या तसं. २०५/५० आर १५ घेतला तर ५८६, म्हणजे दीड टक्का मोठा. १९५/५५ आर १५ तर तीन टक्क्यांच्या वर जातो आणि मडगार्डमध्ये उगाच भरल्यासारखा दिसेल. म्हणून १५ वर गेलो तर १९५/५० हेच माप, यावर मी ठाम आहे.

रिमचे दोन पर्याय समोर आहेत. पहिला, आठ आऱ्यांचे मिनिलाइट (साठच्या दशकातला रेसिंग रिम) धाटणीचे, साडेसहा इंच रुंद, ऑफसेट ३८. दुसरा, वापरलेले जपानी रिम, सात इंच रुंद, ऑफसेट ३५. दोन्ही ४ बाय १०० चेच (चार नट, १०० मिमी व्यासाच्या वर्तुळावर). माझ्या हिशोबाने पहिला रिम मूळ रिमपेक्षा बाहेर २० मिमी आणि आत ६ मिमी जास्त जातो. दुसरा बाहेर २९ आणि आत ९. दुसरे दिसायला फार सुरेख आहेत, जेडब्ल्यूएल हा जपानी मानकाचा शिक्काही आहे, पण त्यांचं जर्मन प्रमाणपत्र नाही. इथे कागदावर नसलेलं माप बसवलं की ट्यूफकडून (वाहन तपासणी संस्था) तपासून गाडीच्या कागदांत नोंद करून घ्यावी लागते. रिमसोबत गुटआख्टन म्हणजे तपासणी अहवाल असेल तर काम सोपं, नसेल तर एकट्या गाडीसाठी वेगळी मंजुरी, आणि ती मिळेलच असं नाही.

त्यात आणखी एक गुंता. गाडीला ३० वर्षं झाल्यामुळे मला एच नंबरप्लेट घ्यायची आहे, ऐतिहासिक वाहनाची. वर्षाचा रोड टॅक्स ठरावीक १९१.७३ युरो, आणि २०१७ पासून एच आणि हंगामी प्लेट एकत्र मिळते. पण गाडी मूळ अवस्थेत हवी, किंवा बदल असले तर ते तिच्या पहिल्या दहा वर्षांत लोक करायचे तसे हवेत. मिनिलाइट धाटणीच्या रिमना यात हरकत येऊ नये असं वाटतं. कोणाला प्रत्यक्ष अनुभव आहे का?

टायरांत सध्या मनात असलेले: युनिरॉयल रेनस्पोर्ट (पावसात फार चांगला असं ऐकतो, पण कडा मऊ), टोयो प्रॉक्सेस आर१आर, आणि योकोहामा नेओव्हा. नानकांग एनएस-२आर स्वस्त आहे पण तो ट्रॅककडे झुकलेला.

तर विचारायचं ते असं. १४ इंचीवर राहून त्यातला त्यातला चांगला टायर घेणारं कोणी आहे का, आणि समाधानी आहात का? पॉवर स्टिअरिंग नसताना १५ इंची रिम आणि १९५ चा टायर पार्किंगमध्ये किती जड जातो? आणि मऊ कडेचा पावसाळी टायर की कडक कडेचा स्पोर्ट टायर, माझ्या वापराला काय शोभेल? रिम, टायर आणि ट्यूफ मिळून बाराशे युरोपर्यंत खर्च करू शकतो.

*

प्रतिसाद

अभिनंदन! मी बर्मिंगहॅमला असतो, माझ्याकडे हीच गाडी जपानमधून आयात केलेली, युनोस रोडस्टर नावाची. तुमचा विचार योग्य दिशेने चालला आहे, पण क्रम उलटा करा असं सुचवेन. आधी टायर ठरवा, मग त्याला लागेल तो रिम.

तुमचं वर्णन वाचून ओला रस्ता हीच खरी कसोटी दिसते. नेओव्हासारखे टायर गरम झाले की अप्रतिम, पण डोंगरात सकाळी सात-आठ अंशांवर, झाडांखालच्या ओल्या वळणावर ते तुम्हाला नको असतील. एप्रिल आणि ऑक्टोबर धरून चालवता हे विसरू नका. टायरच्या युरोपियन लेबलवर ओल्या पकडीची श्रेणी ए ते ई अशी असते, तिथे ए किंवा बी असल्याशिवाय पुढे बघूच नका. कमी वजनाच्या गाडीला मऊ कडेचा त्रास जड गाडीइतका होत नाही. आणि ११५ हॉर्सपॉवरच्या गाडीत पकड थोडी बेताची असली की टायरची हद्द कमी वेगात, हळूहळू कळते. या गाडीची गंमत त्यातच आहे.

रिमचं म्हणाल तर वजन विचारा. कंपनीचे सात पाकळ्यांचे रिम साडेपाच किलोच्या आसपास आहेत. स्वस्त ओतीव १५ इंची रिम सहज सात-आठ किलोचे निघतात. विकणाऱ्याला एक रिम काट्यावर ठेवून फोटो पाठवायला सांगा, संकोच करू नका. माझ्या गाडीवर आधीच्या मालकाने १६ इंची आणि २०५/४५ लावले होते. खड्ड्यांत डॅशबोर्ड खडखडायचा आणि स्टिअरिंग रस्त्यातल्या चाकोऱ्यांमागे ओढलं जायचं. ते काढून १५ इंची हलके रिम आणि १९५/५० घातले, तेव्हा गाडी मोकळी झाली. पार्किंगमध्ये जोर थोडा जास्त लागतो, पण चाक फिरतं असताना वळवलं की काही नाही.

ऑफसेट ३८ चेच घ्या. चाकाचा मध्य जितका बाहेर जाईल तितके रस्त्याचे धक्के स्टिअरिंगमध्ये जास्त येतात, आणि तुमच्याकडे ते शोषून घ्यायला पॉवर स्टिअरिंग नाही.

बसवताना दोन गोष्टी. हबचा (चाक ज्यावर बसतं तो भाग) मधला उंचवटा ५४.१ मिमी आहे. रिमचं भोक मोठं असेल तर योग्य मापाची रिंग घाला, नाहीतर बॅलन्सिंग कितीही केलं तरी शंभरच्या पुढे स्टिअरिंग थरथरेल. आणि नट एम१२ बाय १.५, तिरक्या बसणीचे. नवीन रिमला तीच बसणी लागते का ते बघा. टॉर्क पान्ह्याने ९० ते ११८ न्यूटन-मीटरमध्ये आवळा, पन्नास-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा तपासा. हवा १.८ बार हा कंपनीचा आकडा. दुकानातला माणूस सवयीने अडीच भरेल, घरी येऊन उतरवा.

*

प्रतिसाद

पुण्याहून. एमएक्स-५ नाही, पण जुन्या गाड्यांचं सस्पेन्शन रोज हाताखालून जातं, म्हणून एकच सांगतो. तीस वर्षांच्या गाडीत सस्पेन्शनचे रबरी बुश (सांध्यांतल्या रबरी गाद्या) मूळचेच असतील तर नवीन टायर त्यांची पोल उघडतील. पकड वाढली की जुन्या बुशवर ताण वाढतो, चाक ब्रेक लावताना एक दिशा धरतं आणि वळताना दुसरी, आणि दोष टायरला जातो. टायर घेण्याआधी गाडी लिफ्टवर घेऊन पहार लावून प्रत्येक बुश हलवून बघा. भेगा पडलेले असतील तर बाराशेतले काही युरो तिथे जाऊ द्या. अलाइनमेंट मात्र टायर बसवल्यावरच, आणि तुम्ही स्वतः सीटवर बसून करून घ्या. इतक्या हलक्या गाडीत ड्रायव्हरच्या वजनाने कोन बदलतात. अलाइनमेंटवाल्याने मागच्या चाकांना हात लावला नाही तर दुसरीकडे जा, या गाडीत मागचे कोनही जुळवता येतात.

*

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आज गाडी ओळखीच्या गॅरेजमध्ये लिफ्टवर घेतली. पुढच्या खालच्या आर्मचे बुश दोन्ही बाजूंना फाटलेले निघाले, रबर धातूपासून सुटलंय. मागचे ठीक आहेत. तर आधी पुढचे बुश.

मिनिलाइट धाटणीच्या रिमवाल्याने काट्यावरचा फोटो पाठवला, ५.९ किलो, आणि गुटआख्टनमध्ये माझ्या मॉडेलचं नाव आणि १९५/५० आर १५ हे माप दोन्ही आहे. जपानी रिमना नाही म्हणून कळवलं. ट्यूफच्या माणसाला एच नंबरप्लेटबद्दल फोन केला, तो म्हणाला रिम घेण्याआधी अहवालाची प्रत आणि फोटो घेऊन या, बघून सांगतो. बुधवारी जातोय. मूळ सात पाकळ्यांचे रिम तळघरात नीट ठेवणार आहे, ते विकणार नाही.

टायर रेनस्पोर्टच घेईन असं जवळजवळ ठरलंय. बर्मिंगहॅमवाले दादा, एक शेवटचं विचारतो: साडेसहा इंची रिमवर १९५/५० ला तुम्ही १.८ बारच ठेवता, की मऊ कडेच्या टायरला पुढे थोडी जास्त हवा भरता?