एकूण = एकूण + ५ हे गणिताच्या शिक्षिकेला कसं समजावायचं?

शाईचा_ठिपका:
माझी आई ५९ वर्षांची आहे. बावीस वर्षं तिने शाळेत गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर तिनेच विषय काढला, "तू दिवसभर करतेस ते मलाही शिकव." मी नऊ वर्षं प्रोग्रॅमिंगच्या कामात आहे, त्यामुळे पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेऊन लगेच बसले. प्रिंट, बेरीज, नाव विचारून नमस्कार करणं, दोन दिवस मजेत गेले. तिसऱ्या दिवशी मी लिहिलं: एकूण = एकूण + ५. तिने चष्मा काढला. म्हणाली, "हे खोटं आहे. दोन्ही बाजूंतून एकूण वजा कर, शून्य बरोबर पाच उरतं." मी तीनदा समजावलं आणि शेवटी बोलून गेले, "इथे असंच असतं गं." तिने वही मिटली. आज चार दिवस झाले, ती उघडलेली नाही. मला ते फार लागून राहिलंय. नेमकं काय सांगू तिला?

पाटीपेन्सिल:
आधी एवढंच सांगा की आई, तुझं बरोबर आहे. रॉबर्ट रेकॉर्ड यांनी १५५७ साली = हे चिन्ह छापलं ते दोन बाजू सारख्या आहेत हे सांगण्यासाठी. त्या अर्थाने तुमची ओळ खोटीच आहे. प्रोग्रॅमिंगमध्ये तेच चिन्ह दुसऱ्या कामाला लावलं गेलं, आणि तेही सगळीकडे नाही. १९७० च्या पास्कल या भाषेत किंमत ठेवायला आधी अपूर्णविराम आणि मग = लिहितात; नुसतं = तिथे दोन किमती सारख्या आहेत का, हे तपासायला. पायथनमध्ये तपासायला == वापरतात. चिन्ह उसनं घेतलंय हे कळलं की गणिताच्या माणसाचा जीव भांड्यात पडतो.

मग ओळ उजवीकडून वाचायची: "आत्ताच्या एकूणमध्ये पाच मिळव, जे येईल त्याला यापुढे एकूण म्हण." वाचताना 'बरोबर' हा शब्द तोंडातून येऊ द्यायचा नाही. सगळा अर्थ 'आत्ताच्या' आणि 'यापुढे' या दोन शब्दांत आहे.

आणि आईंनी अंकगणिती श्रेढी वर्षानुवर्षं शिकवली असेल की! पुढचं पद = आधीचं पद + ५. तीच ही ओळ, फक्त दोन्ही पदांना एकच नाव दिलंय. तिथूनच सुरुवात करा.

त्या दिवशी संगणक बंदच ठेवा. कागदावर 'एकूण' लिहून त्याखाली ०. आता १ ते ४ आकडे एकेक करून मिळवायचे. दर फेरीला जुनी किंमत खोडायची, नवी लिहायची. ०, १, ३, ६, १०. खोडणं महत्त्वाचं, कारण यंत्रही जुनी किंमत जपून ठेवत नाही. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीला याच प्रोग्रॅममध्ये १, २, ३, ४ असं उत्तर येत होतं. अर्धा तास ती स्क्रीनकडे बघत होती. कागदावर दुसऱ्याच फेरीत तिची पेन्सिल थांबली: एकूण = ० ही ओळ लूपच्या, म्हणजे पुन्हा पुन्हा चालणाऱ्या ओळींच्या, आत गेली होती, त्यामुळे दर वेळी पाटी कोरी होत होती. मी एक शब्दही बोललो नव्हतो.

रिकामा_कंस:
वरच्या उत्तराशी सहमत. भर एवढीच की व्हेरिएबल (किंमतीला दिलेलं 'एकूण'सारखं नाव) म्हणजे डबा, असं शिकवू नका. पुढे यादी आली की ते अंगाशी येतं. अ ला तीन आकड्यांची यादी द्या, मग ब = अ लिहा, आणि ब मध्ये चौथा आकडा घाला. अ मध्येही चारच दिसतात! दोन डबे मानणारा इथे हमखास गोंधळतो. एकाच यादीला दोन चिठ्ठ्या चिकटवल्यात असं मानणारा गोंधळत नाही.

शिवाय पायथन ३ मध्ये व्हेरिएबलची नावं देवनागरीत चालतात. आईंना 'पद', 'एकूण' असंच लिहू द्या. फक्त प्रोग्रॅममध्ये थेट लिहिलेले आकडे इंग्रजी हवेत. पुढची अडचण इनपुटची, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना टाइप करून देतो त्याची: ५ आणि ३ टाइप केले की बेरीज ५३ येते, कारण आत येतो तो मजकूर, संख्या नव्हे. तेव्हाही रन करण्याआधी "काय येईल?" हे त्यांनाच विचारा.

शाईचा_ठिपका:
काल रात्री श्रेढीचा विषय काढला. "मग आधीच असं म्हणायचं ना," म्हणत तिने वही ओढली. पहिलं पद ३, फरक ५, दहावं पद काढायचं. 'पद' हे नाव तिनेच दिलं, लूपही स्वतः लिहिला, रेंजमध्ये, म्हणजे किती फेऱ्या ते सांगतात तिथे, १० घातले. उत्तर आलं ५३. मी हात पुढे केला तर म्हणाली, "थांब. सूत्राने ३ अधिक ९ गुणिले ५, म्हणजे ४८ यायला हवं." कागदावर एकेक किंमत खोडत गेली. पहिलं पद हातात असतानाच लूप सुरू होतो, म्हणजे फेऱ्या नऊच. तिने १० चे ९ केले आणि पुन्हा चालवलं. ४८.

आज सकाळी इनपुटवर आलोय. ५३ येणार हे मी अजून सांगितलेलं नाही.