गाठ दुखत नसेल तर थांबायचं का? स्तनाच्या कर्करोगाबद्दल तीन प्रश्न

सिंहगडरोडकर:
आमच्या सोसायटीच्या महिला मंडळासमोर या विषयावर बोलायचं आहे. तीन प्रश्न हमखास येणार. गाठ दुखत नसेल तर वाट पाहिली तर चालते का? आत्याला झाला असेल तर भाचीने धोका धरायचा का, की फक्त आईकडचं बघायचं? सोनोग्राफी नॉर्मल आली की विषय संपला का? जाणकारांनी नेमकं सांगावं.

सर्जन_डेक्कन:
ताई, न दुखणाऱ्या गाठीचीच काळजी जास्त. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही. ती कडक लागते, कडा ओबडधोबड असतात आणि बोटाखाली सहज सरकत नाही. पाळीआधी दोन्ही बाजू भरून येऊन दुखणं हे बहुतेक वेळा हार्मोन्समुळे असतं, पाळी आली की ओसरतं. पाळी होऊन गेल्यावरही गाठ तिथेच असेल तर दाखवायचीच. पाळी कायमची थांबलेल्या बाईने तेवढंही थांबू नये.

गाठीशिवायची लक्षणं मंडळात आवर्जून सांगा, कारण त्यांकडेच दुर्लक्ष होतं. पूर्वी बाहेर असलेलं स्तनाग्र आत ओढलं जाणं, हात वर केल्यावर त्वचेला खळी पडणं, न दाबता एकाच बाजूने रक्ताळ किंवा पाण्यासारखा स्राव, काखेत गाठ. स्तनाग्रावर खाज आणि खपली येते, इसब समजून मलम लावण्यात महिने जातात. दोन-तीन आठवड्यांत बरं झालं नाही तर तिथला तुकडा तपासावा. स्तन लाल, गरम आणि त्वचा संत्र्याच्या सालीसारखी जाड झाली, तर अँटिबायोटिकच्या एका कोर्सनंतर दुसरा सुरू करत बसू नका. पहिल्याने उतरलं नाही की बायोप्सी, म्हणजे तुकडा काढून तपासणी.

रेडिओलॉजी_कॅम्प:
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. चाळिशीनंतर मॅमोग्राफी (स्तन दाबून काढलेला एक्स-रे) आणि सोनोग्राफी दोन्ही लागतात, कारण चुन्याचे बारीक कण, जे कधी कधी कर्करोगाची खूण असतात, सोनोग्राफीत नीट दिसत नाहीत. तिशीच्या आत आधी सोनोग्राफी. रिपोर्टच्या शेवटी बायरॅड्सचा आकडा शोधा, संशय किती ते सांगणारी ती ठरलेली श्रेणी असते. १ आणि २ म्हणजे संशयास्पद काही नाही, ३ म्हणजे कर्करोगाची शक्यता २ टक्क्यांपेक्षा जास्त नाही, पण साधारण ६ महिन्यांनी पुन्हा फिल्म हवी. ४ आणि ५ ला बायोप्सी. ० म्हणजे तपासणी अपुरी आहे. ते 'काही नाही' असं समजू नये.

आणि हाताला लागणारी गाठ मॅमोग्राफीत दिसली नाही, तरी ती गाठ आहेच. तिचा पाठपुरावा सोडू नका.

मॅमोग्राफीच्या दिवशी काखेत पावडर किंवा डिओ नको, त्याचे कण फिल्मवर चुन्यासारखे दिसतात. पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात तारीख घ्या, दाब कमी दुखतो. जुन्या फिल्म बरोबर न्या.

जनुक_समुपदेशक:
वडिलांकडचं नक्की धरायचं. बीआरसीए १ आणि २ या जनुकांतला दोष वडिलांकडूनही येतो आणि प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते. पन्नाशीच्या आत झालेला स्तनाचा, कोणत्याही वयातला अंडाशयाचा किंवा पुरुषाला झालेला स्तनाचा कर्करोग घरात असेल तर समुपदेशन घ्या. शक्य असेल तर रक्त आधी आजारी व्यक्तीचं तपासतात, म्हणजे इथे आत्याचं. तिचा दोष सापडला की भाचीत तोच शोधता येतो. तिची तपासणी झालेली नसेल तर भाचीच्या 'निगेटिव्ह' रिपोर्टने पूर्ण दिलासा मिळत नाही.

मात्र साधारण ५ ते १० टक्के रुग्णांतच आनुवंशिक दोष असतो. 'आमच्यात कोणाला नाही' यावर कोणी निर्धास्त राहू नये. वाढतं वय, पाळी १२ वर्षांआधी येणं किंवा ५५ नंतर जाणं, पहिलं मूल तिशीनंतर किंवा मूल नसणं, पाळी गेल्यावर वाढलेलं वजन, दारू, छातीला पूर्वी दिलेलं रेडिएशन यांनी धोका वाढतो. अंगावर पाजल्याने तो कमी होतो, नाहीसा होत नाही.

सिंहगडरोडकर:
खूप आभार. गाठ लागली की पहिल्या भेटीत काय विचारायचं?

सर्जन_डेक्कन:
'काढून टाकू, मग बघू' असं कोणी म्हटलं तर आधी कोअर बायोप्सी मागा. जाड सुईने, जागा बधिर करून, गाठीचे काही तुकडे घेतात, त्यातच ईआर, पीआर (हार्मोन्सना प्रतिसाद देणारे घटक) आणि हर-टू (पेशींवरचं एक प्रथिन) तपासता येतं; उपचार त्यावर ठरतात. बायोप्सीशिवाय गाठ काढली की कडेला रोग उरला का ते कळत नाही, काखेची तपासणी राहते आणि बऱ्याचदा दुसरं ऑपरेशन करावं लागतं. सुई टोचल्याने कर्करोग पसरतो, या भीतीने बायका नाही म्हणतात. ती भीती चुकीची आहे. पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड्स (त्याचे काचेवरचे पातळ काप) मागून घेऊन जपून ठेवा, दुसऱ्या रुग्णालयात मत घ्यायचं झालं तर त्याच लागतात.